वादळ विरलं, पाणी राहिलं



"वादळ कमजोर पडलं, आता धोका नाही" ही बातमी ऐकून आपण बिनघोर राहतो. समुद्राकाठच्या माणसाला ती बातमी खरी असेल. चुडाव्याच्या शेतकऱ्याला आणि किनवटच्या डोंगरात वनजमीन कसणाऱ्याला ती अर्धीच खरी आहे. कमजोर पडतो तो वारा. पाणी कमजोर पडत नाही. आणि आपल्याकडं वादळ येतं ते पाणी होऊनच येतं.

२०२१ चं गुलाब वादळ आठवा. नाव पाकिस्ताननं सुचवलेलं. २४ सप्टेंबरला बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा होता, त्याचं डिप्रेशन झालं. दुसऱ्या दिवशी डीप डिप्रेशन आणि संध्याकाळपर्यंत वादळ. हवामान खात्याचा हिशोब सगळा वाऱ्याचा. ताशी ३१ किलोमीटरच्या वर डिप्रेशन, ५० च्या वर डीप डिप्रेशन, ६२ गाठले की वादळ आणि मग त्याचं बारसं. गुलाबचा वारा होता ७५ ते ८५ चा. म्हणजे वादळांच्या जातीत ते लहानच. २६ च्या रात्री आंध्रात कलिंगपट्टणमजवळ ते जमिनीवर चढलं आणि २७ ला त्याचं पुन्हा डिप्रेशन झालं. बातम्यांत वादळ संपलं.

पण संपलं काय? वादळाचं सरपण म्हणजे समुद्राची गरम वाफ. जमिनीवर आलं की खालून सरपण तुटतं आणि चाक मंदावतं. वारा पडतो. पण जी वाफ पोटात भरून आणली ती कुठं जाणार? त्यात मान्सून अजून माघारी फिरलेला नव्हता, हवा आधीच ओली. तेलंगणावरून सरकत ते मराठवाड्याच्या डोक्यावर आलं. समुद्रकाठापासून सातशे किलोमीटर आत, जिथं वादळाचा भोंगा कधी वाजत नाही, तिथं २७ आणि २८ ला त्यानं पोट रिकामं केलं. मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले. नद्या-ओढे शेतात शिरले. उरलेलं वादळ पश्चिमेला गेलं, अरबी समुद्रात त्याला पुन्हा सरपण मिळालं, शाहीन असं दुसरं नाव घेऊन ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला ओमानवर आदळलं. दोन वादळांच्या मधे ज्याला नावच नव्हतं, तो तुकडा आपल्या वाट्याचा.

वेळ कोणती ते बघा. सप्टेंबरचा शेवट. सोयाबीन वाळलेलं, काही ठिकाणी कापून पडलेलं. कापसाचं पहिलं बोंड फुटायला लागलेलं. जूनमध्ये एवढा पाऊस पडला तर दुबार पेरणी तरी करता येते. सप्टेंबरात शेंगेला कोंब फुटला, बोंड काळं पडलं की मोडून काही होत नाही. खत, बियाणं, मजुरी, सगळं जमिनीत जाऊन बसलेलं असतं.

आता पाण्याचं माप. २४ तासांत ६५ मिलिमीटर झाला की सरकारदरबारी अतिवृष्टी. एका एकरावर ६५ मिलिमीटर म्हणजे सुमारे २ लाख ६० हजार लिटर पाणी, दहा हजार लिटरचे २६ टँकर. काळ्या रानात हे पाणी मुरत नाही, साचतं आणि मूळ कुजवतं. माळावरच्या हलक्या रानात ते थांबत नाही, माती घेऊन जातं. गायरान आणि वनजमीन कसणारे आपले लोक बहुतेक या माळावर आणि उतारावरच आहेत. काळ्या रानाचं एक साल जातं. माळाची माती गेली तर पुढची कितीतरी सालं जातात.

मोजणी होते ती महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावर. चुडावा मंडळाच्या मापकात जे पडलं ते मंडळातल्या सगळ्या गावांचं. पाऊस काही मंडळाची हद्द बघून पडत नाही. एका शिवारात ढग फुटल्यासारखा कोसळतो, तीन कोसांवर नुसती भुरभुर. मापक भुरभुरीत असेल तर बुडालेलं शिवार कागदावर कोरडंच.

आणि मापकात बसलं तरी पुढं खरा अडथळा आहे. १३ ऑक्टोबर २०२१ ला राज्य सरकारनं मदत जाहीर केली. जिरायतीला हेक्टरी १० हजार, बागायतीला १५ हजार, बहुवार्षिक पिकाला २५ हजार, तीही दोन हेक्टरपर्यंत. रक्कम अपुरी होती हा एक मुद्दा. पण ज्याच्या नावावर सातबारा नाही त्याला ही अपुरी रक्कमसुद्धा नाही. त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून ई-पीक पाहणी आली. तीही सातबाऱ्याच्या गट नंबरावरच चालते.

सातबारा म्हणजे दोन कागद. गाव नमुना सात, म्हणजे जमीन कुणाच्या हक्काची. गाव नमुना बारा, म्हणजे रानात पीक कोणतं. वादळ पडतं ते बारावर. मदत जाते सातवर. ज्यानं पेरलं, निंदलं, राखलं, तो मधल्या मधे बुडतो. बटईनं करणारा बुडतो. गायरान कसणारा बुडतो, कारण तिथं सातवर सरकारचं नाव. वनदावा टाकून बसलेला बुडतो, कारण त्याचा कागद अजून फिरतोय. आणि बाईचं तर विचारूच नका, रान तिनं केलं तरी नाव कुणाचं?

सरकार म्हणेल, पुरावा कुठाय? पुरावा सरकारच्याच कपाटात आहे. गाव नमुना एक-ई म्हणजे अतिक्रमणाची नोंदवही. आपल्याला दंड लावायला ती वही चालते, तर मदत द्यायला का चालू नये? २८ नोव्हेंबर १९९१ चा गायरानाचा शासन निर्णय आहे. वनहक्क कायद्याचं कलम ४(५) सांगतं की दाव्याची पडताळणी पुरी होईपर्यंत कसणाऱ्याला हुसकता येत नाही. म्हणजे तो तिथं कसतोय हे कायदा धरून चालतो. मग पंचनाम्यालाच तो का दिसू नये?

म्हणून आमचं म्हणणं साधं आहे. नुकसान पिकाचं, तर मदत पीक करणाऱ्याला. पंचनामा करताना तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक यांनी सातबाऱ्यासोबत एक-ई ची वही आणि वनहक्क समितीची यादी हातात घ्यावी. जिथं मापक आणि शिवार जुळत नाही तिथं ग्रामसभेचा ठराव धरावा. आणि "वादळ ओसरलं" सांगताना पाऊस कुठं, किती पडणार हेही तितक्याच मोठ्यानं सांगावं.

तोवर आपण काय करायचं? पाऊस उघडला की वाट बघत बसू नका. तारखेसह फोटो काढा. ज्यांचा विमा आहे त्यांनी नुकसान कळवायचा त्या सालचा नियम आधीच विचारून ठेवावा. ज्यांच्याकडं सातबारा नाही त्यांनी त्याच आठवड्यात ग्रामसभेकडं लेखी अर्ज द्यावा, गट नंबर, पीक, क्षेत्र लिहून, आणि पोच घ्यावी. तहसीलला एकेकट्यानं जाऊ नका, गावाची एक यादी करून जा. मदत लगेच मिळेल असं आम्ही म्हणत नाही. पण ती पोच उद्या दाव्याच्या कामाला येते. त्या सालात, त्या रानात, तुमचं पीक उभं होतं हे ती सांगते.

पुढचा सप्टेंबर फार लांब नाही. यादी आत्ताच करा.

जिंदाबाद!