यंत्र बंद करण्याचा अधिकार कोणाचा?

पाटण तालुक्यातील कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्याने पश्चिमेकडे जाते आणि पायथ्याशी, पोफळीच्या भूमिगत वीजगृहात उतरते. ही यंत्रे एकाएकी थांबली तर बोगद्यात वेगाने धावत असलेल्या पाण्याने जावे कोठे? अचानक अडवलेले पाणी वाहिनीला जबर दणका देते. म्हणून वाटेत एक खोल विहीर खोदलेली असते. अभियंते तिला उल्लोळ विहीर म्हणतात. थोपलेले पाणी तिच्यात वर चढते, आपला जोर तेथे खर्च करते आणि हळूहळू शांत होते. यंत्र कधीतरी अवचित बंद पडणारच, हे गृहीत धरूनच तिची रचना केलेली असते.

ते गृहीतक किती सार्थ होते, हे ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी दिसले. कोयनानगरच्या भूकंपात सुमारे १८० माणसे दगावली, असंख्य घरे जमीनदोस्त झाली आणि कोयनेहून मुंबईकडे जाणारा वीजपुरवठा तुटला.

या धाग्याचा विषय मात्र वेगळ्या यंत्राचा आहे. भूकंपानंतर दोनच वर्षांनी, १९६९ मध्ये, अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स या संगणकप्रणालीची पायाभरणी केली. एक संगणक आणि त्यावर एकाच वेळी काम करणारी अनेक माणसे, हे या प्रणालीचे वैशिष्ट्य. तिच्या इतिहासात एक प्रश्न वारंवार डोके वर काढतो: सामायिक यंत्र बंद कोणी करावे? वरवर पाहता प्रश्न क्षुल्लक आहे. परंतु ज्या संस्था तो सोडवत नाहीत, त्यांच्या हिशोबाच्या वह्या अर्ध्या ओळीवर तुटतात.

युनिक्समध्येही धावते पाणी असतेच. वापरकर्त्याने लिहिलेला मजकूर त्याच क्षणी डिस्कवर उतरत नाही. तो आधी मेमरीत साठतो आणि सवडीने डिस्कवर नेला जातो, कारण डिस्क मेमरीच्या मानाने फारच संथ. जुन्या युनिक्समध्ये ही साठलेली माहिती साधारण दर ३० सेकंदांनी डिस्कवर ढकलली जाई. ते काम हाताने करून घेण्यासाठी ‘सिंक’ ही आज्ञा होती. यंत्र बंद करण्यापूर्वी ती तीनदा द्यावी, असा जुन्या व्यवस्थापकांचा प्रघात. तीनदा का, याची कारणे पुढे अनेकांनी अनेक सांगितली. सर्वांत पटणारे कारण असे, की तीनदा टंकलिखित करीपर्यंत डिस्कला आपले काम उरकण्याइतका अवधी मिळे.

या अर्ध्या मिनिटाच्या आत वीज गेली, तर फायलीच्या नोंदी एक सांगतात आणि डिस्कवरचा मजकूर दुसरेच. यंत्र पुन्हा सुरू झाले की ‘एफएससीके’ नावाचा तपासनीस ओळ न् ओळ पडताळून पाहतो, आणि ज्या मजकुराचे नाव-गाव हरवले आहे त्याचे तुकडे ‘लॉस्ट अँड फाउंड’ नावाच्या कप्प्यात आणून ठेवतो. पुरात वाहून आलेल्या सामानाचा ढीग असावा, तसा तो कप्पा. कोणता तुकडा कोणाचा, हे माणसानेच ओळखायचे. पुढच्या काळातील प्रणालींनी आधी रोजनामा लिहून मग खतावणी करण्याची पद्धत स्वीकारली आणि हा धोका पुष्कळ कमी केला. परंतु ज्याचा मजकूर अजून मेमरीतच होता, त्याचे नुकसान तिनेही टळत नाही.

धोका एवढा, म्हणून नियमही कडक झाला: यंत्र बंद करील तो फक्त ‘रूट’. रूट म्हणजे युनिक्सवरील सर्वाधिकारी. त्याला कोणतीही फाइल वाचता येते, पुसता येते, कोणाचेही खाते उघडता किंवा मिटवता येते. आणि त्यालाच यंत्र बंद करता येते. येथेच मूळ चूक झाली.

मराठी इतिहासाच्या वाचकाला ती लगेच ओळखू यावी. पाटणजवळ दातेगड उभा आहे, खडकात कोरलेल्या तलवारीच्या आकाराच्या विहिरीसाठी प्रसिद्ध असलेला. शिवकालीन व्यवस्थेत अशा गडांवर एकच सर्वाधिकारी नसे. हवालदार, सरनौबत आणि सबनीस असे तीन अधिकारी समान दर्जाने नेमले जात, हे सभासदाने नोंदवले आहे. दरवाजाच्या किल्ल्या हवालदाराकडे, शिबंदी सरनौबताकडे, दप्तर सबनिसाकडे. एकटा माणूस फितूर झाला तरी गड जाऊ नये, हा हेतू. युनिक्सच्या कर्त्यांनी हे तिन्ही अधिकार एकाच नावात कोंबले. पंधरा-वीस तज्ज्ञांच्या प्रयोगशाळेत ते चालून गेले. गावोगावच्या कचेऱ्यांत चालणारे ते नव्हते.

आणि युनिक्स कचेऱ्यांत पोहोचलेच. भारतात त्याची मोठी वाट बँकांनी मोकळी केली. डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील रिझर्व्ह बँकेच्या समितीने १९८४ मध्ये बँकांच्या यांत्रिकीकरणाचा अहवाल दिला, दुसऱ्या समितीचा अहवाल १९८९ मध्ये आला. त्यानंतरच्या काळात अनेक शाखांमध्ये युनिक्सवर किंवा त्याच्याच वळणाच्या झेनिक्सवर चालणारे एक यंत्र आणि त्याला जोडलेले चार-सहा पडदे असा संसार उभा राहिला. गंमत अशी, की त्याच इमारतीत तिजोरीची व्यवस्था गडासारखी होती: दोन किल्ल्या, दोन माणसे, एकट्याच्याने तिजोरी उघडत नाही. संगणकाचा मात्र एकच परवलीचा शब्द, आणि तो ज्याला ठाऊक, तो सर्व खात्यांचा धनी.

मग संध्याकाळी यंत्र बंद कोणी करायचे? नियम सांगतो, ज्याच्याकडे रूटचा शब्द आहे त्याने. तो माणूस रजेवर असेल, तालुक्याऐवजी जिल्ह्याच्या ठिकाणी बसत असेल, तर दोनच मार्ग उरतात. एक, शब्द कागदावर लिहून सर्वांना देणे, म्हणजे यंत्र बंद करता यावे म्हणून शिपायालाही साऱ्या दप्तराचे कुलमुखत्यारपत्र करून देणे. दुसरा, भिंतीवरचा खटका. खटक्याला परवलीचा शब्द लागत नाही. ज्याला नीट बंद करण्याचा अधिकार नाकारला, त्याच्या हाती वेडेवाकडे बंद करण्याचा अधिकार शिल्लक राहतोच, आणि तो काढून घेण्याचा उपाय कोणत्याही नियमात नाही.

पाटणसारख्या ठिकाणी हा युक्तिवाद कागदी राहत नाही. कोयनेच्या सर्व टप्प्यांची मिळून स्थापित क्षमता सुमारे १९६० मेगावॅट. ज्या तालुक्यात धरणाची भिंत उभी राहिली आणि ज्या तालुक्यातील गावे जलाशयाखाली गेली, त्या तालुक्यासह ग्रामीण महाराष्ट्राने २००५ च्या पुढील काही वर्षांत दररोज कित्येक तासांचे भारनियमन सोसले. वीज गेल्यावर यूपीएसची बॅटरी काही मिनिटे तग धरते. त्या मिनिटांत यंत्रासमोर जो असेल, विद्यार्थी, लिपिक, ग्रंथपाल, त्यालाच निर्णय घ्यावा लागतो. ‘साहेबांना विचारून सांगतो’ म्हणेपर्यंत बॅटरी संपते.

युनिक्सच्या जगाने या पेचातून अनेक वाटा काढल्या आणि त्यांचा इतिहास प्रणालीच्या इतिहासाइतकाच रंजक आहे. पायाभूत कल्पना डेनिस रिची यांची. प्रोग्राम चालवणाऱ्याच्या नव्हे, तर त्या प्रोग्रामच्या मालकाच्या अधिकाराने तो चालावा, अशी एक खूण त्यांनी योजली. १९७३ मध्ये तिच्या पेटंटसाठी अर्ज झाला, १९७९ मध्ये ते मिळाले. ‘सेटयूआयडी’ हे तिचे नाव. कुलमुखत्यारपत्राच्या जागी एका ठरावीक कामापुरते मुखत्यारपत्र देण्याची सोय या एका खुणेने झाली. बर्कलीच्या परंपरेतील प्रणालींनी तिचा नेमका उपयोग केला. तेथे यंत्र बंद करणारा प्रोग्राम ‘ऑपरेटर’ नावाच्या गटाला चालवता येतो. त्या गटातील माणूस यंत्र बंद करू शकतो, दुसऱ्याचे खाते मात्र पुसू शकत नाही.

१९८० च्या सुमारास बफेलो येथील विद्यापीठात बॉब कॉगशॉल आणि क्लिफ स्पेन्सर यांनी ‘सुडो’ लिहिले. कोणत्या माणसाने कोणती आज्ञा रूटच्या वतीने द्यावी, याची यादी एका फायलीत ठेवायची आणि दिलेल्या प्रत्येक आज्ञेची नोंद करायची. सबनिशी हीच.

लिनक्सच्या जुन्या वितरणांतील युक्ती याहून साधी होती. खात्यांच्या यादीत ‘शटडाऊन’ नावाचा एक वापरकर्ताच असे. त्या खात्यामागे माणूस नाही. त्या नावाने आत शिरले की यंत्र बंद करणारा प्रोग्राम सुरू होतो, दुसरे काहीच करता येत नाही. या खात्याला वेगळा शब्द लावून तो कचेरीतील शेवटच्या माणसाच्या हाती दिला की काम भागते. शब्द फुटला तरी चोराला फार तर यंत्र बंद करता येईल. आणखी एका सोयीत कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट या तीन कळा एकत्र दाबल्या की यंत्र एक यादी पाही, आणि यादीतील कोणी समोर कामाला बसलेला असेल तरच आज्ञा मानी.

बंद करण्याची रीतही या काळात सुसंस्कृत झाली. बर्कलीचा ‘शटडाऊन’ यंत्र लगेच बंद करीत नाही. तो आधी सर्व पडद्यांवर दवंडी पिटतो, वेळ जवळ येईल तशी दवंडी अधिक वेळा होते, आणि अखेरची पाच मिनिटे उरली की नव्या माणसाला आत घेणे थांबते. गडाचे दरवाजे लागण्यापूर्वी बाहेरच्यांना आत बोलवावे, तसे येथे आतल्यांना आवराआवर करण्यास सांगितले जाते.

आक्षेप रास्त आहे: एखादा खोडकर माणूस इतरांचे काम चालू असताना यंत्र बंद करील. असे घडतेही, आणि दर वेळी खोडसाळपणानेच घडते असे नाही. संगणकविश्वात एक आख्यायिका प्रसिद्ध आहे: मॉली नावाच्या एका चिमुरडीने मोठ्या यंत्राचा लाल खटका एकाच दिवसात दोनदा दाबला आणि त्यावर पारदर्शक झाकण बसवावे लागले. दूरच्या यंत्रावर चुकून बंदची आज्ञा देणाऱ्याला आधी त्या यंत्राचे नाव विचारणारा एक प्रोग्राम आजही ‘मॉलीगार्ड’ याच नावाने ओळखला जातो. या कथेतील उपाय लक्षात घेण्याजोगा आहे. खटका उपटून टाकला नाही, त्याला झाकण बसवले.

हाच विवेक २०१० नंतरच्या लिनक्स प्रणालींत नियम म्हणून आला. यंत्रासमोर प्रत्यक्ष बसलेला माणूस एकटाच काम करीत असेल, तर त्याला शब्द न विचारता यंत्र बंद करू दिले जाते. दुसरे कोणी आत असेल, तर व्यवस्थापकाचा शब्द मागितला जातो. महत्त्वाचे काम अर्ध्यावर असलेला प्रोग्राम ‘थोडे थांबा’ असेही सांगू शकतो. समोर बसलेल्याला खटका उपलब्ध आहेच, मग त्याला सभ्य मार्ग नाकारण्यात अर्थ नाही. दूरवरून आलेल्याच्या हाताशी खटका नाही, तेव्हा त्याला रोखण्यात अर्थ आहे. माणसाच्या हुद्द्याइतकेच त्याच्या जागेलाही महत्त्व देणारा हा निकष जुन्या सर्व नियमांहून शहाणा आहे.

महाराष्ट्राला ही रीत परकी नाही. कराडहून पाटणमार्गे कुंभार्ली घाटाकडे जाणाऱ्या एसटीत घंटेची दोरी गाडीभर असते. एक घंटा म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. गाडी हाकण्याचा अधिकार चालकाचा, सोडण्याचा वाहकाचा. परंतु घाटात काही विपरीत दिसले तर दोरी ओढणाऱ्या प्रवाशाला कोणी हुद्दा विचारत नाही. रेल्वेची साखळीही प्रत्येक प्रवाशाच्या हाताशी आहे, आणि विनाकारण ती ओढणाऱ्यासाठी १९८९ च्या रेल्वे कायद्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड आहे. अधिकार सर्वांना, जाब मात्र ज्याचा त्याला.

तरीही कित्येक कचेऱ्यांत आणि शाळांच्या संगणककक्षांत रूटचा शब्द एकाच टेबलाच्या खणात बंद असतो आणि त्यालाच सुरक्षितता म्हटले जाते. याच कक्षांत यूपीएस तारेने संगणकाला जोडलेला असतो. बॅटरी संपत आली की तोच संगणकाला कळवतो, आणि संगणक कोणालाही न विचारता, फायली मिटवून, रीतसर बंद होतो. हा अधिकार त्या डब्याला कोणी तरी एकदा बसून, विचारपूर्वक, यादीत लिहून दिलेला असतो. त्याच यादीत आणखी एक ओळ घालून तो समोर बसलेल्या लिपिकाला देता येतो, आणि त्यासाठी लागणारा वेळ डबा जोडण्याला लागला त्याहून कमी आहे.