नेट बंद, मेसेज चालू?

४ सप्टेंबर २०२५. नेपाळ सरकारने फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप, इन्स्टाग्राम, यूट्यूबसह २६ प्लॅटफॉर्म बंद करायचा आदेश काढला. चार दिवसांनी काठमांडूच्या रस्त्यावर तुमच्याच वयाची मुलं उतरली. पहिल्याच दिवशी १९ जणांचा जीव गेला, दुसऱ्या दिवशी पंतप्रधान ओलींनी राजीनामा दिला. या धामधुमीत ‘बिटचॅट’ नावाचं एक अ‍ॅप नेपाळमध्ये धडाधड डाउनलोड झालं. सिम नको, नेट नको, नंबर नको, फक्त ब्लूटूथ चालू ठेवा. मग काय, ‘इंटरनेटशिवाय क्रांती’ अशा थाटाच्या पोस्ट आपल्याकडेही फिरल्या. तुमच्याही फोनवर एखादी आली असेल.

गोष्ट भारी आहे, पण जरा फिल्मी आहे. बंदी प्लॅटफॉर्मवर होती, इंटरनेटवर नव्हती. व्हीपीएन लावून अनेक जण आत शिरतच होते. ८ तारखेच्या रात्री बंदी उठली आणि त्यानंतर सुशीला कार्कींच्या नावावर तरुणांची जी प्रसिद्ध चर्चा झाली, ती डिस्कॉर्डवर, म्हणजे साध्या नेहमीच्या इंटरनेटवर. तेव्हा बिटचॅटच्या डाउनलोडचे आकडे पोरांच्या धास्तीबद्दल बरंच सांगतात. त्या अ‍ॅपने काय काम केलं, याबद्दल फार नाही.

मुळात ही भानगड काय आहे? आपला फोन टॉवरशी बोलतो. शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीला पाठवलेला ‘हाय’सुद्धा आधी टॉवरवर, मग कुठल्या तरी सर्व्हरवर जाऊन परत येतो. मेश नेटवर्कमध्ये मधला दादा नाही. प्रत्येक यंत्र स्वतःचे मेसेज पाठवतं आणि दुसऱ्याचे पुढे ढकलतं. वर्गात चिठ्ठी एका बाकावरून दुसऱ्या बाकावर सरकते ना, तसंच. एक बाक रिकामा असेल तर चिठ्ठी दुसऱ्या रांगेतून जाते. तीन बाक रिकामे असतील तर मात्र अडकते.

फोनवरच्या मेशचं पहिलं दुखणं हेच. जॅक डॉर्सीने जुलै २०२५ मध्ये आणलेल्या बिटचॅटमध्ये ब्लूटूथवरचा मेसेज जास्तीत जास्त सात टप्पे पुढे जातो. ब्लूटूथची रेंज भिंती आडव्या आल्या की काही मीटरवर येते. मोर्च्याच्या गर्दीत हे चालेल. पण तुम्ही हडपसरला आणि आई-बाबा साताऱ्यात असतील, तर मध्ये तेवढे फोन ओळीने उभे कोण करणार? शिवाय अनेक अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवण्यासाठी मागे चालणारी अ‍ॅप परस्पर बंद करतात. म्हणजे बाकावर मुलगा बसलाय, पण झोपलाय.

दुसरं दुखणं जास्त गंभीर आहे. २०१९ मध्ये हाँगकाँगच्या आंदोलनात ‘ब्रिजफाय’ असंच लोकप्रिय झालं. पुढच्याच वर्षी लंडनच्या रॉयल हॉलोवे विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं, की त्यावरचे मेसेज तिऱ्हाईताला वाचता येत होते, कोण कोणाशी बोलतंय याचा माग काढता येत होता आणि एक खोडसाळ मेसेज सोडून सगळं नेटवर्कच पाडता येत होतं. बिटचॅट आलं तेव्हा त्याचीही बाहेरच्या कुणी सुरक्षा तपासणी केलेली नव्हती आणि तसा इशारा खुद्द बनवणाऱ्यांनीच दिला होता. इशारे कोण वाचतो म्हणा! पण सरकारच्या नजरेपासून लपायचं म्हणून अ‍ॅप घ्यायचं आणि त्यातूनच सापडायचं, हा धोका कागदावरचा नाही.

भारतात आणखी एक पदर आहे. मे २०२३ मध्ये केंद्र सरकारने १४ मेसेजिंग अ‍ॅपवर बंदी घातली. काश्मीरमधले दहशतवादी ती वापरतात, असं कारण देण्यात आलं. त्यात फोनवरून थेट फोनवर मेसेज नेणारं ‘ब्रायर’ही होतं. त्यामुळे ऐनवेळी डाउनलोड करू, या भरवशावर राहण्यात अर्थ नाही.

मग मेश बोगस आहे का? मुळीच नाही. फक्त ज्या मेशने खरोखर काम केलं, ती फोनमध्ये नव्हती, गच्चीवर होती. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये रेड हुक नावाची वस्ती आहे. तिथल्या एका स्थानिक संस्थेने इमारतींवर राउटर बसवून छोटं मेश उभं केलं होतं. ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळ आलं. वीज गेली, फोन लटकले. पण हे नेटवर्क तग धरून होतं. शेवटी अमेरिकेच्या आपत्ती यंत्रणेने, फेमाने, आपली सॅटेलाइट लिंक आणून याच नेटवर्कला जोडली. नंतर ते वाढवायला आणि सांभाळायला वस्तीतल्याच १९ ते २४ वयाच्या मुलामुलींना तयार केलं गेलं. त्यांना नाव दिलं ‘डिजिटल स्टुअर्ड्स’.

‘सांभाळायला’ हा त्यातला महत्त्वाचा शब्द. राउटर बसवणं ही एका रविवारची मजा आहे. खरी कटकट नंतर सुरू होते. दोन अँटेनांना एकमेकींचं तोंड दिसावं लागतं. मध्ये नवी इमारत उभी राहिली किंवा आंब्याला पालवी फुटली की सिग्नल बसतो. एकाच रेडिओवर ऐकायचं आणि बोलायचं असेल तर प्रत्येक टप्प्यावर वेग साधारण निम्मा होतो. ४० एमबीपीएसने निघालेलं नेट तिसऱ्या टप्प्यानंतर ५ वर येतं. म्हणून इंटरनेटची मुख्य जोडणी नेटवर्कच्या एका टोकाला ठेवत नाहीत, मध्ये ठेवतात आणि जमलं तर दोन ठेवतात. पावसात कनेक्टरमध्ये पाणी शिरतं. फर्मवेअर अपडेट कोणी करायचं? पासवर्ड एकट्याकडेच असेल आणि तो नोकरीसाठी बंगळुरूला गेला तर? आणि गच्ची ज्यांची, ते काका उद्या नाही म्हणाले तर?

स्पेनच्या कॅटलोनियातलं ‘गिफी’ म्हणूनच अभ्यासण्यासारखं आहे. कंपन्या खेड्यात ब्रॉडबँड आणेनात म्हणून २००४ मध्ये लोकांनी ते सुरू केलं. आज त्याचे ३० हजारांहून जास्त नोड आहेत. त्यांनी नेटवर्क वापरण्याचे नियम लिहून काढले, २००८ मध्ये फाउंडेशन स्थापन केलं आणि त्यावर धंदा करणाऱ्या छोट्या कंपन्यांनी देखभालीचा खर्च वाटून घ्यायचा, अशी पद्धत बसवली. माझ्या मते गिफी टिकलं ते तंत्रज्ञानापेक्षा या हिशेबाच्या वहीमुळे.

आपल्याकडे आयआयटी मुंबईच्या ‘ग्राम मार्ग’ प्रकल्पाने पालघर जिल्ह्यातल्या गावांना लांब पल्ल्याच्या वायफायने जोडून दाखवलं. ते काटेकोर अर्थाने मेश नाही, पण धडा तोच. तिथेही गावातला कुणी तरी देखभालीसाठी उभा करावा लागला. आणि गरज म्हणाल तर जुलै २०२१ चं चिपळूण आठवा. पुराच्या पाण्यात शहर होतं, फोन लागत नव्हते आणि बाहेरगावची मुलं घरच्यांच्या आवाजासाठी तडफडत होती. अशा वेळी फोटो, व्हिडिओ कुणाला नको असतात. ‘आम्ही वर आहोत, ठीक आहोत’ एवढ्या चार शब्दांसाठी ‘मेशटॅस्टिक’सारखी लोरा रेडिओवर चालणारी छोटी यंत्रं पुरतात. ती फक्त मजकूर नेतात, पण मोकळ्या जागेत काही किलोमीटर नेतात आणि फार कमी विजेवर चालतात. भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा ठरलेल्या मर्यादेत विनापरवाना वापरता येतो. यंत्र घेताना ते याच पट्ट्याचं आहे ना, हे बघून घ्या. अमेरिकेसाठीचं ९१५ वालं स्वस्तात मिळालं तरी इथे चालवणं बेकायदा ठरेल.

खर्च करण्याआधी एक फुकटचा प्रयोग करता येईल. बिटचॅटसारखं एखादं अ‍ॅप वर्गातल्या दहा-पंधरा जणांच्या फोनवर टाका, एअरप्लेन मोड लावा, ब्लूटूथ चालू ठेवा. आता कॉलेजच्या गेटपासून होस्टेलपर्यंत एक मेसेज न्यायला मध्ये किती जण उभे करावे लागतात, ते मोजा. मग हेच सुट्टीच्या दिवशी, रिकाम्या कॅम्पसमध्ये करून पाहा.