वऱ्हाड कोनाच्या बापाचं?



परवा गुरुकुंज मोझरीच्या फाट्यावर चहा पिताना आपलाच एक कार्यकर्ता म्हणाला, "विदर्भ वेगळा झाला काय अन् न झाला काय, आपल्याले काय करायचं? आपला प्रश्न जातीचा." तिथं मी गप्प बसलो. म्हणून इथं बोलतो.

बेटाच्या चारी बाजूंनी पाणी असतं. आमच्या वऱ्हाडाच्या चारी बाजूंनी कागद होते. १८५३ त निजामावर फौजेच्या खर्चाचं कर्ज थकलं आणि इंग्रजानं वऱ्हाड लिहून घेतलं. कर्ज एकाचं, सावकार दुसरा, गहाण आम्ही! १९०२ त कायमचा पट्टा झाला, वर्षाला २५ लाख रुपये. १९०३ त मध्यप्रांताला जोडून दिलं. हुकूम इंग्रजाचा, मालकी निजामाची. १९३६ त आणखी एक करार. निजामाच्या किताबात 'हैदराबाद आणि वऱ्हाड' आलं अन् त्याचा पोरगा झाला वऱ्हाडचा युवराज! माहा बाप त्याच साली जन्मला, गावकुसाबाहेर. जन्मभर त्यानं दुसऱ्याच्या वावरातला कापूस वेचला. त्याले कोनी इचारलं होतं, तू कोनाचा म्हणून?

साहेब गेला, निजाम गेला, कागद राहिले. १९४७ चा अकोला करार, १९५३ चा नागपूर करार. १९५५ त फाजल अली आयोग म्हणाला, विदर्भ वेगळा करा. १९५६ त द्विभाषिक मुंबई राज्यात घातलं, १९६० त महाराष्ट्रात. कराराच्या बैठकीत पुढारी बसले. आमचा महारवाडा कुठं होता?

आता अस्मितेचे गोडवे गाणाऱ्यांना एक विचारतो. याच वऱ्हाडात, अमरावतीत, अंबादेवीच्या देवळात पाय ठेवण्यासाठी अस्पृश्यांना लढा उभारावा लागला. नोव्हेंबर १९२७ च्या अमरावतीच्या परिषदेचे अध्यक्ष बाबासाहेब होते. देवळाच्या दारात निजाम आडवा नव्हता, इंग्रजही नव्हता. आपलीच मराठी बोलणारी माणसं होती. भाषा एक, नदी एक, पण पाणवठा वेगळा! म्हणजे बेट वऱ्हाड नव्हतं. बेट आपली वस्ती होती.

मग प्रांताचा प्रश्न आपला नाही? चूक! बाबासाहेबांनी १९५५ त भाषावार राज्यांवर आख्खं पुस्तक लिहिलं. मराठी मुलखाची चार राज्यं करा म्हणाले : मुंबई, पश्चिम, मध्य आणि पूर्व. पूर्वेत आपण. कारण साधं होतं. एका मोठ्या राज्यात एकच मोठी जात सत्तेवर बसते आणि लहान समाज तिच्या पायाखाली जातो. त्यांनी नकाशा पाहिला तो तळातून पाहिला.

पण लहान राज्य झालं म्हणजे आपोआप न्याय मिळत नाही. लहान राज्यातही पाटील पाटीलच राहील. १९९४ त विदर्भासाठी विकास मंडळ आलं, २०२० त त्याची मुदत संपली. त्यातून वस्तीवर किती पोचलं, ते वस्तीतल्या म्हातारीले विचारा.

तेव्हा पोरांनो, 'अखंड'वाला आला तरी अन् 'वेगळा'वाला आला तरी टाळ्या पिटू नका. पहिले इचारा : जमीन कोनाले? खुर्ची कोनाले? पैशाची चावी कोनाजवळ? उत्तर लिहून घ्या. आजवर आपल्यावाचून करार झाले. पुढचा होईल तो आपल्या सहीशिवाय होता कामा नये.

जय भीम!