चुकलेली किंमत आणि सोयीचा समाजवाद

जून 2022 मध्ये नागपूर जिल्ह्यातील खापरखेडा येथे एका खाजगी बँकेच्या एटीएम यंत्रातून पाचशे रुपये मागणाऱ्याला पाचशेच्या पाच नोटा मिळू लागल्या. ज्याला त्या प्रथम मिळाल्या त्याने पुन्हा कार्ड घातले. पुन्हा अडीच हजार आले. बातमी गावभर झाली आणि पाहता पाहता यंत्रापुढे गर्दी लोटली. अखेर बँकेच्याच एका ग्राहकाने पोलिसांना कळविले, पोलिसांनी ते केंद्र बंद केले आणि उलगडा झाला तो असा, की शंभरच्या नोटांच्या कप्प्यात पाचशेच्या नोटा भरल्या गेल्या होत्या. वर्तमानपत्रांनी ही हकीकत गमतीची म्हणून छापली आणि वाचकांनीही ती तशीच वाचली.

यंत्रापुढे गर्दी होणे स्वाभाविक आहे. प्रस्तुत लेखकाला अस्वस्थ करते ती अशा प्रसंगांनंतर होणारी चर्चा. एटीएमची चूक वर्षानुवर्षांतून एखादी. पण नव्या मोठ्या दुकानांत, ज्यांना आपण मार्ट किंवा मॉल म्हणतो, तिचे धाकटे भावंड नित्य भेटते. रॅकवरील लेबल जुनेच राहते, संगणकात एक शून्य कमी पडते, 'एकावर एक मोफत'ची योजना भलत्याच मालाला लागू होते. आमच्या भिंगारमध्ये छावणीच्या रस्त्यावर सकाळी फिरणाऱ्या निवृत्तांच्या घोळक्यात अशा एका तुपाच्या डब्याचा विषय निघाला. नगरच्या कुठल्याशा दुकानात निम्म्या किमतीचे बिल होत होते. एका कुटुंबाने चूक ओळखून बारा डबे उचलले आणि मग फोन करून मेहुण्यालाही बोलावून घेतले. त्या घोळक्यात एक गृहस्थ असे होते, की ज्यांनी तरुणपणी आपल्या शिबिरांतून गाणी म्हटली आहेत. ते म्हणाले, "यात चुकले काय? हे लोक रोज आपल्याला लुटतात. एक दिवस आपण लुटले. हाच खरा समाजवाद!"

हे वाक्य कोण्या व्यापाऱ्याच्या तोंडचे असते तर त्यावर शाई खर्च करण्याचे कारण नव्हते. परंतु ते आपल्या घरातून येते, टाळी घेते आणि आपण ती देतो. म्हणून त्याचा समाचार घेणे प्राप्त आहे.

प्रथम अर्थशास्त्राचा हिशेब मांडू. बारा डब्यांवर जे वाचले ते कोणाच्या खिशातून गेले? दुकानाच्या मालकाच्या, असे गृहीत धरले जाते. वस्तुतः किरकोळ व्यापारात चोरी, नासाडी आणि हिशेबाच्या चुका यांना मिळून 'घट' म्हणतात, आणि कोणतेही मोठे दुकान ही घट आपल्या खर्चातच धरून चालते. वर्षभराची घट वाढली की ती पुढच्या वर्षाच्या किमतींत मुरते. स्पर्धा तीव्र असेल तर थोडी कमी मुरेल, गावात एकच दुकान असेल तर पुरती मुरेल. पण भागधारकाच्या लाभांशाला ती पोचेपर्यंत तिची वाट दुसऱ्या ग्राहकांच्या पिशव्यांतून जाते. तुपाच्या डब्याची भरपाई पोहे आणि साबण करतात.

आता लाभ कोणाला झाला ते पाहा. बारा डबे घेण्यासाठी हातात त्या क्षणी काही हजार रुपये मोकळे हवेत, ते न्यायला मोटार हवी, ठेवायला कपाट हवे आणि निरोप द्यायला मेहुणा हवा. जी बाई दिवसाच्या मजुरीतून दहा रुपयांची तेलाची पुडी नेते, तिला ही चूक कळली तरी तिचा लाभ किती? एका डब्याचासुद्धा नाही. म्हणजे चुकीच्या किमतीतून होणारे हे वाटप ज्याच्याकडे अधिक त्याला अधिक या न्यायाने चालते आणि त्याची भरपाई मात्र सर्वांकडून सरसकट होते. करांच्या भाषेत यालाच आपण प्रतिगामी म्हणतो आणि अप्रत्यक्ष करांविरुद्ध ठराव करतो. तेच तुपाच्या डब्यातून आले की आपण त्याला समाजवाद म्हणावे?

मालकाच्या आधी ही चूक आणखी एका ठिकाणी थांबते, आणि ते ठिकाण म्हणजे बिल करणाऱ्या मुलीचे काउंटर किंवा लेबले लावणाऱ्या पोराचा पगार. माझी एक जुनी विद्यार्थिनी अशा दुकानात दोन वर्षे काउंटरवर होती. रात्री रोकड जुळली नाही तर तूट कोणाकडून वसूल होई हे तिने सांगितले तेव्हा मी तिला कायद्याचे कलम विचारले, ती हसली. कलम आहे. 1936 च्या वेतन प्रदान अधिनियमाने मालकाला वेतनातून कपात करण्याची मुभा दिली ती कामगाराच्या हयगयीमुळेच नुकसान झाले असेल तेव्हा, नुकसानीच्या रकमेपुरती आणि त्याला आपली बाजू मांडण्याची संधी दिल्यावर. त्या कायद्याची जागा घेणाऱ्या 2019 च्या वेतन संहितेतही हयगयीची ही अट कायम आहे. संगणकातील किंमत काउंटरवरची मुलगी ठरवीत नाही. ती बहुधा दुसऱ्याच शहरातील कचेरीत भरली जाते. तेव्हा किमतीच्या चुकीची जबाबदारी तिच्यावर येण्याचे कायद्याने काहीच कारण नाही. पण जिची नेमणूक कंत्राटदारामार्फत आहे, जिच्या दुकानात युनियन नाही आणि जिला उद्या येऊ नकोस एवढे म्हटले की पुरते, तिने आपली बाजू कोणापुढे मांडावी? एटीएममध्ये नोटा भरण्याचे कामही बँका बहुतेक ठिकाणी बाहेरच्या कंपन्यांकडून करून घेतात, हे खापरखेड्याची गंमत वाचणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

'त्यांनी लुटले, आपण लुटले' या युक्तिवादाला आणखी एक अडचण आहे. तो भांडवलदारांनी आपल्या आधी आणि आपल्याहून मोठ्या प्रमाणावर अमलात आणला आहे. 8 डिसेंबर 2005 रोजी टोकियोच्या शेअर बाजारात मिझुहो सिक्युरिटीजच्या एका दलालाने जे-कॉम या कंपनीचा एक शेअर 6,10,000 येनांना विकण्याऐवजी 6,10,000 शेअर एका येनाला विकण्याचा आदेश यंत्रात भरला. कंपनीचे एकूण शेअर होते 14,500! चूक आहे हे कोणालाही कळण्यासारखे होते. तरीही जगातल्या नामांकित वित्तसंस्था खरेदीला तुटून पडल्या आणि मिझुहोचे नुकसान 4,000 कोटी येनांच्या घरात गेले. पुढे जपानच्या मंत्र्यांनी जाहीर टीका केली तेव्हा त्यांतल्या बड्या दलाल संस्थांनी नफा सोडून देण्याची तयारी दाखविली. तुपाचे डबे उचलणारे कुटुंब आणि टोकियोचे दलाल यांच्या कृतीत तत्त्वाचा कोणता भेद आहे? दुसऱ्याची चूक हे माझे भांडवल, हा सट्टेबाजाचा धर्म आहे. तो गरिबाने पाळला म्हणून तो श्रमिकांचा होत नाही. आणि इथे तर पाळणारे गरीबही नव्हते.

इतके लिहिल्यावर व्यापारी संघाचे कोणी पदाधिकारी हा लेख कापून दुकानात लावतील, अशी भीती वाटते. त्यांनी घाई करू नये. ग्राहकांना प्रामाणिकपणाचे धडे देणाऱ्यांची चूक अशी, की त्यांना चुकांची एकच बाजू दिसते. रॅकवर एक किंमत आणि बिलात दुसरी, अधिक, हा अनुभव कोणाला नाही? लांब बिलात ती सापडणे कठीण, सापडली तर मागे रांग उभी, आणि चार रुपयांसाठी भांडणारा माणूस हास्यास्पद ठरतो. सुट्टे नाहीत म्हणून हातावर गोळ्या ठेवल्या जातात. पिशवीचे पैसे आधी न सांगता बिलात घालणे ही अनुचित व्यापार प्रथा आहे, असे राष्ट्रीय ग्राहक आयोगाला 2020 मध्ये सांगावे लागले. वेष्टनावर छापलेल्या कमाल किरकोळ किमतीहून अधिक घेण्यास बंदी आहे, पण त्या किमतीच्या आत दुकानाने रॅकवर एक सांगून बिलात दुसरे घेतले तर पकडणार कोण? दुकानाच्या बाजूने झालेली चूक हजार ग्राहकांत वाटली जाते म्हणून ती दिसत नाही. ग्राहकाच्या बाजूने झालेली चूक एका दुपारी पकडली जाते.

कायदाही येथे समबुद्धीने वागत नाही. इंग्लंडमध्ये 1953 साली बूट्स या औषधविक्रेत्या कंपनीच्या खटल्यात अपील न्यायालयाने असे ठरविले, की रॅकवर माल किमतीसह मांडणे हा विक्रीचा प्रस्ताव नव्हे; प्रस्ताव ग्राहक काउंटरवर करतो आणि दुकान तो स्वीकारते. करारविषयक विचार आपल्याकडेही याच वाटेने चालतो. म्हणजे लेबलावरील कमी किमतीने दुकान बांधले जात नाही. उलट 1872 च्या आपल्या करार अधिनियमाचे 72 वे कलम सांगते, की चुकीने दिलेला पैसा किंवा वस्तू घेणाऱ्याने परत केली पाहिजे. हे कलम दोन्ही बाजूंना लागू आहे. तथापि ते वापरण्यासाठी वकील लागतो, आणि वकील कोणाच्या पदरी असतो ते सांगण्याची आवश्यकता नाही.

म्हणूनच ओडिशातील एका विधी विद्यार्थ्याची गोष्ट मला महत्त्वाची वाटते. डिसेंबर 2014 मध्ये ॲमेझॉनच्या संकेतस्थळावर 23,499 रुपयांचा लॅपटॉप 190 रुपयांना दिसला. त्याने एक मागविला. थोड्याच वेळात कंपनीने मागणी रद्द केली. तो ग्राहक मंचाकडे गेला, वर्षानुवर्षे झगडला आणि राज्य आयोगाने 2021 मध्ये त्याला नुकसानभरपाई देवविली. 190 रुपयांत लॅपटॉप मिळावा हा हट्ट मला योग्य वाटत नाही. परंतु त्याने एक मागविला, आपल्या नावाने मागविला आणि आपला दावा न्यायपीठापुढे उघड मांडला. तुपाच्या डब्यांपाशी या तिन्ही गोष्टी नव्हत्या.

हा उघडपणा आपल्या परंपरेत गौण कधीच नव्हता. 1972 साली महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीच्या झेंड्याखाली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते आणि त्यांच्या सहकारी मुंबईच्या रस्त्यांवर लाटणी घेऊन उतरल्या तेव्हा त्यांची मागणी सर्वांसाठी होती: तेल, साखर, रॉकेल वाजवी दरात सर्वांना मिळावे. मंत्र्यांच्या दाराशी त्या दिवसाढवळ्या गेल्या. त्यांतल्या एकीनेही गुपचूप दोन किलो साखर पदराखाली नेली असती तर त्या लाटण्याला काय किंमत उरली असती? त्याच्याही आधी, 1948 साली, नायगावच्या कामगार वस्तीत कार्यकर्त्यांनी ग्राहकांची सहकारी मंडळी उभारली; तीच पुढे 'अपना बाजार' म्हणून ओळखली गेली. तिच्या मागचा विचार 1844 च्या रॉचडेलच्या विणकरांचा: चोख माल, खरे माप आणि नफा खरेदीच्या प्रमाणात ग्राहकाला परत. आज सहकारी भांडारे का मागे पडली याची चिकित्सा स्वतंत्र लेखाचा विषय आहे, आणि ती आपल्याला सुखकर होणार नाही. पण दुकानदार लुटतो यावर आपल्या माणसांनी शोधलेले उत्तर स्वतःचे दुकान हे होते.

साधनशुचितेचा शब्द उच्चारला की आजचे तरुण साथी कंटाळतात, हे मी जाणतो. म्हणून तो बाजूला ठेवून व्यवहाराचे बोलतो. लेबलावर किंमत कमी दिसली आणि ग्राहकाने घरापुरता एक नग त्या किमतीला घेतला, तर त्याने अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही; किंमत लिहिणे हे दुकानाचे काम आहे, तपासणे ग्राहकाचे नव्हे. किमतीची चूक ओळखून तिच्यावर साठा करणे आणि सोयऱ्यांना बोलावणे ही वेगळी गोष्ट आहे. बिल करताना दोन नगांचा एक झाला, किंवा हातात पैसे जास्त आले, तर ते तिथल्या तिथे त्या मुलीलाच सांगावे, म्हणजे रात्रीची रोकड जुळेल. किमतीची चूक मात्र तिच्या कानात कुजबुजू नये. व्यवस्थापकाला बोलावून चार लोकांसमक्ष सांगावी, म्हणजे ती दुकानाची म्हणून नोंदली जाईल.

आणि मग मागण्यांकडे वळावे. अमेरिकेतील मिशिगन राज्यात यंत्राने लावलेली किंमत मांडलेल्या किमतीहून अधिक निघाली तर ग्राहकाला फरकाची रक्कम आणि शिवाय ठराविक मर्यादेत फरकाच्या दहापट पैसे मिळण्याची तरतूद आहे. भांडवलशाहीच्या माहेरघरात जे चालते ते महाराष्ट्रात मागायला आपण का लाजावे? रॅकवरील किंमत घरगुती खरेदीपुरती दुकानाला बंधनकारक असावी. बिलात अधिक लावल्यास दंड ग्राहकाला मिळावा. आणि किमतीच्या चुकीपोटी काउंटरवरील कामगाराच्या वेतनातून एक पैसाही कापू नये, मग तो कंत्राटी असो वा कायम. पहिल्या दोन मागण्या वैध मापन यंत्रणेपुढे आणि ग्राहक आयोगापुढे नेता येतील. तिसरीसाठी दुकानांतल्या मुलामुलींची संघटना बांधावी लागेल, आणि त्या रात्री दहाला सुटतात. नगर आणि भिंगारच्या साथींनी सभेची वेळ त्याप्रमाणे ठरवावी.