मुहूर्ताच्या भावाने कार्डं घेणारे शहाणे

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात हंगामातलं पहिलं सोयाबीन बाजार समितीत आलं की शेतकऱ्याला हार घालतात, नारळ फोडतात आणि चढा भाव बोलतात. हा मुहूर्ताचा भाव, फोटोपुरता. पुढच्या आठवड्यात तोच भाव मागा, अडते तोंडावर हसतील. 2021 च्या ऑगस्टमध्ये क्विंटलला दहा हजारांपार गेलेलं सोयाबीन ऑक्टोबरच्या आवकेत निम्म्यावर आलेलं खामगाव-मेहकरच्या घराघराने सोसलंय. आणि त्याच घरांतली शिकली-सवरली पोरं खेळायच्या पोकेमॉन पत्त्यांमधलं ‘सिंगल’, म्हणजे पाकिटाऐवजी सुटं, कार्ड नवा सेट निघायच्या आधीच आगाऊ पैसे भरून घेतात!

अरे, तेव्हा माल कोणाकडेच नसतो. विकणारा मनाला येईल तो आकडा लावतो आणि तुम्ही तो मुकाट भरता. सेट आला की जगभर बॉक्सच्या बॉक्स फुटतात, दुबार निघालेली कार्डं विक्रीला येतात, विक्रेते एकमेकांचा भाव पाडत बसतात. तीन-चार आठवडे खिशाला कुलूप लावायचं, एवढंच काम. तेही होत नाही, कारण यूट्यूबवर कुणीतरी पाकीट फोडून किंचाळलेला असतो.

‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा दुसरा कार्डांचा खेळ खेळणाऱ्यांची तऱ्हा याहून न्यारी. एखादा डेक स्पर्धा जिंकला की त्याच रात्री त्यातलं कार्ड दुप्पट भावाने घ्यायला धावतात. ‘स्टँडर्ड’ या स्पर्धाप्रकारातून जुने सेट बाद होताना स्पर्धावाले तीच कार्डं फुंकून टाकतात. घरी खेळणाऱ्याने घ्यायची ती तेव्हा. पण तेव्हा हे महाशय पुढच्या सेटच्या रांगेत!

“नंतर मिळालं नाही तर?” हा यांचा ठरलेला सवाल. ‘मॅजिक’च्या कंपनीने 1996 मध्ये जाहीर केलेल्या ‘रिझर्व्ह्ड लिस्ट’मधली कार्डं पुन्हा छापली जाणार नाहीत, त्यांच्यापुरता तो सवाल खरा. बाकी छपाई थांबते कुठे? पोकेमॉनची 2021-22 या एका वर्षात 9 अब्जांच्या घरात कार्डं निघाली. दुर्मीळ म्हणे!

किराणा दुकानात लटकणारी ती सोनेरी पोकेमॉन कार्डं तर सरळसरळ नकली. त्यांना कुठल्याच महिन्यात भाव नाही.

तेव्हा पोरांनो, कार्डाची आगाऊ नोंदणी आजच रद्द करा. घ्यायचंच असेल तर महिन्याने घ्या, आणि बापाच्या कष्टाचे उरलेले पैसे बापाला परत द्या.