गाडी दाराशी, घोर कशाला?

देवनारच्या वस्तीत मोटारसायकलला गॅरेज कुठले? गल्लीत, जिन्याखाली, नाहीतर इमारतीच्या आवारात ती रात्र काढते. पण त्याच गाडीवर कित्येक घरांची चूल पेटते. मुलगा तिच्यावर डिलिव्हरीला जातो, अब्बा पहाटे कामाला. आणि गाडी चोरीला गेली, तरी कर्जाचा हप्ता थांबत नाही.

नुसत्या हँडल लॉकवर विसंबू नका. जोराच्या हिसक्याने ते तुटते. जाड पोलादी साखळी मागच्या चाकातून आणि चौकटीतून ओवून खांबाला किंवा भिंतीत पक्क्या बसवलेल्या कडीला बांधा. साखळी, कुलूप जमिनीला टेकू देऊ नका. खाली फरशीचा आधार मिळाला की हातोड्याचा घाव नेमका बसतो. पुढच्या चाकाला डिस्क लॉक लावा. कडीची सोय नसेल, तर शेजाऱ्यांशी बोलून दोन-तीन गाड्या एकत्र बांधा.

आज एक काम मात्र नक्की करा. विम्याचा कागद काढून वाचा. नुसता ‘थर्ड पार्टी’ विमा असेल, तर चोरीची भरपाई मिळत नाही. दाव्याच्या वेळी कंपनी सहसा दोन्ही चाव्या मागते, म्हणून दुसरी चावी जपून ठेवा. आरसी डिक्कीत नको. चासी व इंजिन क्रमांक घरच्या वहीत लिहा.

गाडी गेलीच, तर वाट पाहू नका. लगेच पोलिसांत एफआयआर नोंदवा. विमा कंपनी, कर्ज देणारी बँक आणि आरटीओला कळवा.