गाण्याचा तास कोणाच्या वाट्याला?

नाशिक असो वा महाराष्ट्रातील दुसरे कोणतेही मोठे शहर, तेथील कॉन्व्हेंट शाळांची स्नेहसंमेलने हिवाळ्यात थाटाने पार पडतात. पोशाख भाड्याने येतात, दिव्यांची योजना बाहेरच्या कंत्राटदाराकडे जाते, नृत्य बसवून देणारा तरुण महिनाभरासाठी ठरवला जातो. रंगमंचावर शेकडो मुले ओठ हलवतात आणि गाणे ध्वनिफितीतून ऐकू येते. प्रमुख पाहुणे सर्वांगीण विकासावर चार शब्द बोलतात. दुसऱ्या दिवशी सभागृहाला कुलूप लागते आणि वेळापत्रकातला गाण्याचा तास पुन्हा गणिताच्या शिक्षकांच्या स्वाधीन होतो. एवढ्यालाच संगीत व नाट्यशिक्षण म्हणण्याचा प्रघात पडला आहे. त्याचा खर्च फीच्या पावतीवर वेगळ्या नावाने दिसतो, आणि ज्याला ती पावती परवडत नाही त्याचे मूल फाटकाबाहेर राहते.

हा दोष एकट्या कॅथलिक शाळांचा खचितच नाही. संस्कृतप्रचुर नावे धारण केलेल्या शिक्षणसम्राटांच्या शाळा याच वाटेने चालतात, आणि त्यांच्याकडून कोणी दुसरी अपेक्षाही करत नाही. कॅथलिक शाळांना मात्र जाब विचारला पाहिजे, कारण त्यांची स्वतःची परंपरा याच्या नेमकी उलट आहे. जेझुइट संघाने 1599 साली आपल्या विद्यालयांसाठी जी शिक्षणसंहिता ठरवली, तिच्यात नाट्यप्रयोगाला स्थान होते. नाटके लॅटिनमध्ये होत, स्त्रीपात्रांना बंदी असे आणि उमरावांच्या मुलांचा भरणा असे, हे सारे मान्य. पण त्या विद्यालयांत फी घेतली जात नसे. कॉर्नेय आणि मोलिएर हे नाटककार अशाच विद्यालयांतून शिकून बाहेर पडले. इटलीतील तुरिन शहरात 1841 पासून डॉन बॉस्को या धर्मगुरूने खेड्यांतून गवंडीकामाला आलेली पोरे गोळा केली. त्यांना अक्षरओळखीबरोबर गाणे शिकवले आणि त्यांच्यासाठी रंगमंच उभा केला. पोटार्थी मुलाला सूर लागतो, यावर त्याचा विश्वास होता. त्याचे नाव मिरवणाऱ्या शाळा आज महाराष्ट्रात अनेक आहेत. त्यांच्यापैकी कितींच्या वर्गांत गवंड्याचा मुलगा बसतो?

इतिहासातले दाखले जुने वाटत असतील, तर अलीकडचे घ्यावे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 साली उपासनेविषयीचा जो दस्तऐवज संमत केला, त्याच्या 119 व्या कलमात मिशनच्या प्रदेशांतील लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला यथोचित मान द्यावा असे म्हटले आहे. धर्मप्रसारकांनी ती परंपरा शक्य तेवढी वाढवावी, उपासनेत आणि शाळांतही, अशी त्यात स्पष्ट सूचना आहे. शाळांचा हा उल्लेख ओझरता नाही. चर्चने पहिला भाग बऱ्याच अंशी पाळला. मिस्सा मराठीत आली, पेटी, तबला आणि झांज वेदीजवळ पोचली. दुसरा भाग मात्र इंग्रजी माध्यमाच्या फाटकाशी अडला.

नाशिकच्या बाबतीत हा विरोधाभास विशेष बोचतो. नाशिकचा धर्मप्रांत 1987 साली पुण्यापासून वेगळा निघाला. त्याच्या कक्षेत नाशिकबरोबर नगर आणि खानदेशही येतो. त्यातील श्रद्धावंतांचा मोठा भाग नगर जिल्ह्यातील दलित समाजातून ख्रिस्ती झालेल्या, शेतमजुरी आणि साखर कारखान्यांच्या आधाराने जगलेल्या, मराठी बोलणाऱ्या कुटुंबांचा आहे. श्रीरामपूर तालुक्यातील हरेगावला सप्टेंबरात मतमाऊलीची यात्रा भरते. तेथे पायी येणाऱ्यांच्या तोंडी मराठी भजने असतात. त्याच चर्चच्या शहरी शाळेतील मुलाला मात्र लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या श्रेणी परीक्षेला बसवणे हा संगीतशिक्षणाचा कळस मानला जातो. आपल्या आजीचे भजन शाळेच्या रंगमंचावर नेण्याजोगे आहे, हे त्याला कोणी सांगत नाही. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने ओवीबद्ध ख्रिस्तपुराण रचले आणि ते 1616 साली गोव्यात छापले गेले. चर्चमध्ये आणि घरांत त्याचे गायन होई. चारशे वर्षांपूर्वी एका परदेशी धर्मगुरूला ओवीचा संकोच वाटला नाही; येथल्या मातीतल्या मुख्याध्यापकांना तो का वाटावा? (प्रॉटेस्टंट पंथाची गोष्ट वेगळी, पण रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती कीर्तन आणि अभंग रुजवले, त्यांच्याही आयुष्याचा नाशिकशी निकटचा संबंध होता. लक्ष्मीबाई तर जवळच्या जलालपूरच्या.)

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. पियानो परका आणि पेटी आपली, अशी ही तक्रार नाही. पेटीसुद्धा युरोपातूनच आली. स्वदेशीच्या नावाने बाखला हद्दपार करू पाहणारे लोक नाताळच्या नाटकातही धर्मांतराचा वास हुंगतात. त्यांची आणि समाजवाद्यांची वाट एक असू शकत नाही. उलट पाश्चात्य संगीत गरिबाच्या हाती दिले तर काय घडते, याचा पुरावा गोव्याने दिला आहे. पोर्तुगीज अमदानीत तेथील चर्चला जोडलेल्या शाळांत मेस्त्रे मुलांना सुरावट वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवीत. हेतू मिस्सेपुरता होता. पण त्याच विद्येच्या बळावर गोव्याची माणसे मुंबईत आली आणि हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद त्यांनी उभे केले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस आणि शंकर-जयकिशन यांचे संगीत संयोजक सेबॅस्टियन डिसूझा ही त्यांतली ठळक नावे. त्या मुलांना स्वरलिपीने भाकर दिली. आजच्या कॉन्व्हेंटमधील श्रेणी परीक्षेचे प्रमाणपत्र मात्र बहुधा दिवाणखान्याच्या भिंतीवर लागते. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर जे उत्पादक कौशल्य होते, ते प्रतिष्ठेची वस्तू बनले. आणि अशा वस्तूची किंमत ती इतरांजवळ नसण्यावरच टिकते.

यावर व्यवस्थापनांकडून घटनेच्या 30 व्या कलमाची ढाल पुढे केली जाते. ते कलम अबाधित राहिलेच पाहिजे. अल्पसंख्याकांच्या संस्थांवर बहुसंख्यांकांच्या राजकारणाचा डोळा असलेल्या या काळात तर त्याचे रक्षण हे लोकशाहीवाद्यांचे कर्तव्य ठरते. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने 2014 साली प्रमती खटल्यात शिक्षणहक्क कायदा अल्पसंख्याक शाळांना लागू नसल्याचे ठरवले, आणि त्यामुळे दुर्बल घटकांसाठीच्या पंचवीस टक्के प्रवेशांतून या शाळा मोकळ्या झाल्या. 2025 च्या सप्टेंबरात न्यायालयाच्याच दुसऱ्या एका पीठाने त्या निकालाविषयी शंका नोंदवून प्रश्न सरन्यायाधीशांपुढे ठेवला. न्यायालय जे ठरवील ते ठरवो. प्रश्न कायद्याचा आहे तितकाच संस्थेच्या नीतीचाही आहे. हे कलम अल्पसंख्याक समाजासाठी आहे. त्या समाजातील हरेगावच्या मजुराच्या मुलीलाच शहरातल्या शाळेची फी झेपत नसेल, तर ढालीच्या मागे नक्की कोण उभे आहे?

चर्चला बोल लावताना शासनाला मोकळे सोडणे अन्यायाचे होईल. किंबहुना मोठा गुन्हेगार तेच आहे. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टातच शंभराहून अधिक विद्यार्थी असलेल्या उच्च प्राथमिक शाळेसाठी कलाशिक्षणाच्या अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे. महाराष्ट्र शासनाने ऑक्टोबर 2015 मध्ये कला व क्रीडा शिक्षकांच्या पूर्णवेळ जागांऐवजी तासिकेच्या मानधनावर अतिथी नेमण्याचा मार्ग पत्करला. 2020 चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण अभ्यासक्रम आणि अभ्यासेतर यांत भेद नको असे सांगते, पण गाणे शिकवणाऱ्याला पगार कोण देणार यावर मौन पाळते. दरम्यान शास्त्रीय कलांच्या परीक्षा दिलेल्या विद्यार्थ्यांना दहावीत वाढीव गुण मिळू लागले. शाळेत शिक्षक नाही आणि गुण मात्र आहेत; तेव्हा खाजगी क्लासची फी भरू शकणाऱ्यालाच ते मिळणार, हे उघड आहे. त्याच नाशिकमध्ये 2027 च्या सिंहस्थासाठी हजारो कोटींचे आराखडे मांडले गेले. त्यांत महापालिकेच्या शाळांसाठी तबल्याची एक जोडी कुठे बसते, हे शोधून पाहावे.

संगीत हे भरल्या पोटाचे काम, असा एक शहाणपणाचा सूर डाव्यांतही ऐकू येतो. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाची परंपरा सांगणाऱ्यांनी तरी तो आळवू नये. राजाश्रय नाकारून विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 साली लाहोरला लोकवर्गणीवर गांधर्व महाविद्यालय काढले, गाणे वर्गात आणले. मुंबईची इमारत कर्जापायी गेल्यावर ते नाशिकला पंचवटीत येऊन राहिले. सार्वजनिक संगीतशिक्षणाला सार्वजनिक पैसा न मिळाल्याचा तो पहिला मोठा बळी म्हटला पाहिजे. याच जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यात, देशवंडीला, 1922 साली वामनदादा कर्डक जन्मले. लहानपणी शाळा त्यांच्या वाट्याला आली नाही. तरी त्यांची गीते खेडोपाडी पोचली. शाळेने त्यांना काही दिले नाही. निदान त्यांची गीते तरी आज शाळेने घ्यावीत, तर तिथेही चित्रपटगीतांची ध्वनिफीत आडवी येते.

करायचे काय, ते अवघड नाही. शहरातील कॅथलिक शाळांजवळ सभागृहे आहेत, वाद्ये आहेत, आवारे आहेत. संध्याकाळी ती रिकामी असतात. बांधकामाचा खर्च केव्हाच झालेला आहे. आता आठवड्यातून तीन संध्याकाळी शेजारच्या महापालिका शाळेतील आणि वस्तीतील मुलांसाठी दारे उघडली, तर सीमान्त खर्च विजेचा आणि एका शिक्षकाच्या पगाराचा. तो शिक्षक मात्र पूर्ण पगाराचा असावा, मानधनावरचा नव्हे. संमेलनाच्या पोशाखांवर आणि दिव्यांवर होणारा खर्च पालक-शिक्षक संघापुढे आकड्यांनी मांडावा आणि त्याच्या शेजारी या पगाराचा आकडा लिहावा. वर्षाचे नाटक मराठीत, मुलांनी स्वतः लिहिलेले, थेट आवाजात व्हावे. ते ओबडधोबड झाले तरी चालेल. ट्रिनिटीची परीक्षा देणाऱ्यांनी ती जरूर द्यावी, आणि त्याच वर्गात भजनाचा ठेकाही शिकावा. धर्मप्रांताने 119 वे कलम आपल्या सर्व मुख्याध्यापकांकडे मराठीत पाठवावे.

शाळांची वेळापत्रके जूनमध्ये लागू होतात, पण ठरतात मे महिन्यात. पालकांनी आणि धर्मग्रामातील मंडळींनी लेखी मागणी करायची ती त्याआधी करावी.